मेळाव्याची सांगता रविवारी दुपारी नको: दुचाकीप्रवाशांच्या संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. संयोजन समिती, दुचाकीप्रवाशांचा वार्षिक मेळावा,
तसेच या मेळाव्यास येणारे सर्व रायडर बंधुभगिनी

विषय: मेळाव्याचे वेळापत्रक बदलण्याबाबत आणि ‘एका दमात सर्वाधिक अंतर’ हे पारितोषिक बंद करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेली सात वर्षे जानेवारी उजाडला की आमच्या घरी सॅडल बॅगा माळ्यावरून खाली येतात, चेन साफ होते, ब्रेक-शू बदलले जातात आणि पुण्याहून भंडारदऱ्याच्या वाटेला लागायचे दिवस मोजले जातात. आपण भरवत असलेल्या या मेळाव्याने मला जे दिले आहे त्याची परतफेड होण्यासारखी नाही. लांबच्या प्रवासाची आवड असलेला माणूस रोजच्या आयुष्यात बहुधा एकटाच असतो. त्याच्या घरच्यांना आणि कचेरीतल्या लोकांना एवढे अंतर दुचाकीवर का जायचे हे कधी पुरते उमगत नाही. धरणाच्या काठी शेकोटीभोवती बसलेल्या दोनअडीचशे अनोळखी माणसांना ते न सांगता कळते. म्हणूनच हे पत्र लिहिताना माझ्या मनात तक्रारीपेक्षा काळजी अधिक आहे, आणि ती केवळ समितीपुरती न राहता सर्व येणाऱ्यांपर्यंत पोहोचावी म्हणून मी ते उघडपणे लिहितो आहे.

माझे म्हणणे एकच आहे. आपल्या मेळाव्याचे वेळापत्रक माणसांना रात्री, दमलेल्या अवस्थेत आणि अपुऱ्या झोपेवर घाटातून गाडी चालवायला लावते. हे कोणी ठरवून केलेले नाही, हे मी जाणतो. पण शुक्रवारी रात्री स्वागत, शनिवारी मध्यरात्रीपर्यंत शेकोटी, रविवारी पहाटे ब्रेकफास्ट राइड आणि रविवारी दुपारी पारितोषिके व सामूहिक छायाचित्र, असा क्रम एकदा छापला गेला की पुढचे सारे त्यातून आपोआप घडत जाते. कोण किती वाजता घरून निघेल, किती झोपेल आणि परतीच्या कोणत्या वळणावर त्याला अंधार गाठेल, हे त्या एका कागदाने बरेचसे ठरवून टाकलेले असते.

यंदाच्या रविवारी काय झाले ते प्रथम सांगतो. समितीतल्या काहींना ते त्रोटक स्वरूपात ठाऊक आहे, बहुतेकांना मुळीच नाही.

पारितोषिके दीड वाजता संपतील असे ठरले होते, ती अडीचला संपली. जेवण उरकून, छायाचित्र काढून, तंबू आवळून आमचा सात गाड्यांचा गट मेळाव्याच्या जागेहून, म्हणजे भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून, निघाला तेव्हा सव्वाचार झाले होते. राजूरला पेढे घेण्यासाठी आणि चहासाठी थांबलो. अकोले ओलांडेपर्यंत सूर्य मावळला होता आणि संगमनेरच्या रस्त्यावर ती वेळ सुरू झाली होती जेव्हा आकाशात अजून उजेड असतो पण रस्त्यावर उरत नाही. आमच्यात पुढे चालणारा अनुभवी होता, शेवटी स्वीप म्हणून, म्हणजे मागे कोणी राहू नये हे पाहणारा म्हणून, मी होतो. माझ्या पुढे दोन गाड्या सोडून एक पंचविशीचा तरुण होता. गाडी उत्तम, हेल्मेट चांगल्या प्रतीचे, जॅकेटला आणि गुडघ्यांना मार झेलणारे आर्मर. दारूच्या थेंबालाही तो शिवला नव्हता. शुक्रवारी कामावरून सुटून रात्री आठला तो पुण्याहून निघाला होता, दीड वाजता पोहोचला होता आणि दोन रात्री मिळून त्याची झोप आठ तासांहून अधिक झाली नव्हती.

पुढे उसाची डबल ट्रॉली चालली होती. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. ट्रॉलीच्या मागून हातभर बाहेर आलेल्या उसाने मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरची पट्टी दोन्ही झाकून टाकली होती. आमच्या पुढच्या तिघांनी ती पाहिली, डावा पाय काढून मागच्यांना खूण केली आणि वेग कमी केला. त्या तरुणाने ती खूण पाहिली नाही. नंतर तो मला म्हणाला की त्याचे डोळे उघडे होते, रस्ता दिसत होता, पण ट्रॉली ‘आलीच नाही, एकदम होतीच’. त्याने ब्रेक दाबले तेव्हा एबीएस या ब्रेकयंत्रणेने चाक घसरू दिले नाही, म्हणून तो सरळ ट्रॉलीखाली गेला नाही. तिच्या कडेला खांदा घासून रस्त्याच्या खाली खडीत पडला. हासळीचे हाड मोडले, मनगट सुजले आणि हेल्मेटच्या काचेवर कपाळापासून हनुवटीपर्यंत खडीचा ओरखडा उमटला. ती काच आजही माझ्या घरी आहे.

ट्रॅक्टरचा चालक लगेच उतरून धावत आला. त्यानेच मोबाइलच्या उजेडात मागून येणारी वाहने अडवली आणि शेजारच्या वस्तीवरून दोघांना बोलावले. त्या दोघांपैकी एक म्हातारे गृहस्थ पुनःपुन्हा विचारत होते की आम्ही हात लावला तर पोलिसांचे काही मागे लागेल का. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले १३४अ हे कलम अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देते हे मी त्यांना सांगितले, पण तोवर त्यांनी माझ्या उत्तराची वाट न पाहता घोंगडी आणून त्या मुलाच्या अंगावर घातली होती. १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत ट्रॅक्टरचालक रस्त्याच्या कडेला दोन्ही हातांत डोके धरून बसला होता. मी त्याला पाणी दिले. तो म्हणाला, “साहेब, कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून दोन रात्री मी पण जागाच आहे.”

त्या वाक्याने मला हे पत्र लिहायला लावले. अरुंद रस्त्यावर, उजेड सरल्यावर, दोन न झोपलेली माणसे एकमेकांसमोर आली होती. त्यातला एक पोटासाठी जागा होता; दुसरा आपल्या कार्यक्रमपत्रिकेमुळे.

तो तरुण आता बरा आहे. तो किंवा त्याच्या घरचे कोणालाही दोष देत नाहीत. पण हे केवळ नशिबाने निभावले, आणि दरवर्षी नशिबाच्या भरवशावर दोनअडीचशे माणसांना आपण सह्याद्रीतून उतरवू शकत नाही.

आता थोडे हिशेबाचे. ताशी ६० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ताजातवाना माणूस अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर निघून जातात; कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढे गाडी थांबायला आणखी २२ ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नास मीटरच्या आसपास. समोरून वाहन येत असताना हेडलाइटच्या लो बीमवर आपल्याला बिनदिव्याची काळपट वस्तू स्पष्ट दिसते ती फार तर चाळीस मीटरवर. एवढा हिशेब ताज्या माणसाचा झाला. अर्धवट झोपेतल्याचा दीड सेकंद अडीच झाला, तर ब्रेकला बोट लागण्याआधीच चाळीस मीटर संपतात. डोळे मिटून तीन सेकंद डुलकी लागली तर पन्नास मीटर गाडी कोणीच चालवत नसते. यात रायडरच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही, कारण कौशल्य वापरायला जागाच शिल्लक राहिलेली नसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे आपण आपल्या सुरक्षिततेच्या भाषणात दरवर्षी सांगतो. त्या भाषणात हेल्मेट असते, आर्मर असते, टायरमधली हवा आणि गटाने चालताना ठेवायचे अंतर असते, आणि ते सारे योग्यच आहे. झोप मात्र त्यात नसते. आणि ते भाषण रात्री अकरा वाजता सुरू होते.

लडाखची राइड केलेले आपल्यात निदान शंभर जण असतील. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचे, हळू चालायचे आणि झोपायचे, हे आपण नव्या रायडरला किती कडकपणे बजावतो! कोणी पहिल्याच दिवशी ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला या खिंडीकडे निघाला तर त्याला आपण शूर म्हणत नाही, मूर्ख म्हणतो, प्रसंगी त्याच्या गाडीची चावी काढून घेतो. विरळ हवेने मेंदू मंदावतो, हे आपण एकमेकांचे अनुभव ऐकून पक्के शिकलो आहोत. सलग जागरणानेही मेंदू मंदावतो, आणि ते कळायला लेहपर्यंत जावे लागत नाही. भंडारदऱ्याहून परतताना चाकणच्या कोंडीत पाय टेकून उभे असताना ज्याला ज्याला पाच मिनिटांपूर्वीचा रस्ता आठवला नाही, त्याला ते ठाऊक आहे. तिथे जी शिस्त आपण सहज पाळतो ती इथे, घरापासून दीडदोनशे किलोमीटरवर, का सोडून देतो? माझ्या मते याचे कारण एवढेच की हा रस्ता आपल्याला आपला वाटतो. कसारा आणि चंदनापुरीचे घाट, घोटी-बारीचा रस्ता हे सारे पाठ आहे असे आपण समजतो. ट्रॉली मात्र त्या पाठांतरात नसते.

लांबून येणाऱ्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे, आणि पुण्या-मुंबईच्या आपल्या समितीने तो त्यांच्या जागी बसून पाहावा अशी माझी विनंती आहे. नागपूरहून येणाऱ्या मित्रांना ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर असून उपयोग नाही, कारण त्यावर दुचाकीला मनाई आहे. ते अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिक असे जुन्या रस्त्याने येतात, प्रत्येक गावातला बाजार, प्रत्येक गतिरोधक ओलांडत, आणि सातशेच्या वर किलोमीटरला चौदापंधरा तास सहज लागतात. रविवारी दुपारी चार वाजता भंडारदऱ्याहून निघालेला नागपूरकर सोमवारी पहाटे कुठे असेल? पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर सर्वाधिक झोप मागते, हे रात्रपाळी केलेला कोणीही सांगेल. नेमक्या त्या वेळी तो मालवाहू ट्रकांच्या रांगेत, सोमवारची हजेरी गाठायची म्हणून, गाडी रेटत असेल. कोल्हापूर, बेळगाव, पणजी इथल्या मंडळींचेही थोडेफार असेच आहे. त्यांच्यापैकी कोणी तक्रार करत नाही. सोहळा अर्धा टाकून निघणे त्यांना आपल्या यजमानपणाचा अवमान वाटतो, म्हणून ते छायाचित्रापर्यंत थांबतात.

आणि मग त्यांच्यापैकीच एकाला आपण मंचावर बोलावून ‘एका दमात सर्वाधिक अंतर’ या पारितोषिकाने गौरवतो.

त्या पारितोषिकाविषयी मला सविस्तर बोलायचे आहे. मी स्वतः तिसऱ्या वर्षी त्यासाठी धडपडलो होतो. पुण्याहून सरळ न येता हैदराबादेतल्या कामावरून परस्पर निघालो, रात्रभर गाडी चालवली आणि सकाळी नऊला शेंडीत उतरलो. पारितोषिक मला मिळाले नाही, कारण एक जण माझ्याहून लांबून, माझ्याहून कमी थांबून आला होता. टाळ्या पडल्या तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्या रात्री सोलापूरच्या अलीकडे दोनदा माझी गाडी पांढरी रेघ ओलांडून खडीवर गेली होती आणि चाकाखालच्या खडीच्या आवाजाने मी जागा झालो होतो. हे मी घरी कधी सांगितले नाही. मंचावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या प्रवासात अशी एखादी खडी असणार, आणि टाळ्या वाजवणाऱ्या वीसबावीस वर्षांच्या मुलांना ती दिसत नाही. त्यांना फक्त किलोमीटर ऐकू येतात.

लांब पल्ल्याला माझा विरोध नाही. असता तर मी या मेळाव्याला आलोच नसतो. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर, पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. काहींच्या दिवाणखान्यात ते प्रमाणपत्र लावलेलेही आहे. पण हीच संस्था आपल्या रायडरांना सर्वप्रथम स्वतःची मर्यादा ओळखून प्रवास आखायला सांगते, डोळे जड झाले की थांबून झोपायला सांगते, आणि ज्यांनी असे प्रवास नीट केले आहेत त्यांना विचारा, ते वेगाविषयी फारसे बोलत नाहीत. कुठे थांबलो, काय खाल्ले, किती पाणी प्यालो, वीस मिनिटे बाकावर कसा आडवा झालो हेच सांगत राहतात. ही त्यांची खरी विद्या आहे आणि आपल्या मंचावर ती एकदाही बोलली जात नाही. पारितोषिक काढून टाका, आणि शनिवारी दुपारी एक तास या मंडळींना द्या. लांबून आलेल्या प्रत्येकाने आपला प्रवास कसा तोडला तेवढेच सांगावे. मला खात्री आहे की तो तास मेळाव्यातला सर्वांत ऐकण्याजोगा तास होईल.

परदेशातल्या एका मेळाव्याचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण आपल्या मेळाव्याची कल्पना मांडली गेली तेव्हा त्याचे नाव घेतले गेले होते. जर्मनीतला ‘एलेफांटेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींचा मेळावा, १९५६ साली एर्न्स्ट लेव्हरकुस या मोटारसायकल-पत्रकाराने सुरू केला. झ्युनडाप कंपनीच्या केएस ६०१ या गाडीला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. १९८९पासून तो बव्हेरियाच्या डोंगराळ जंगलात सोला या गावाजवळ भरतो, तोही ऐन हिवाळ्यात, बर्फात. तिथे जाणारी माणसे काही आपल्याहून कमी हट्टी नाहीत. पण अनेक जण एकदोन दिवस आधीच पोहोचतात, बर्फात तंबू ठोकतात, गवताच्या पेंढ्यांवर झोपतात, चूल पेटवतात आणि बसतात. मेळावा म्हणजे तिथे तो मुक्कामच असतो. आपण मुक्कामाचे तास कापून कार्यक्रम वाढवत नेले. पहिल्या वर्षी आपल्याकडे मंचही नव्हता, हे जुन्यांना आठवत असेल. एक मोठे पातेले होते, पिठले-भाकरी होती आणि रतनगडाच्या बाजूला सूर्य बुडाल्यावर धरणाचे पाणी काळे होईपर्यंत कोणी उठलेही नव्हते.

आता माझ्या सूचना. मेळाव्याची सांगता शनिवारी रात्री नऊ वाजता करावी. पारितोषिके, आभार, देणगीदारांचा सत्कार, सारे त्याआधी व्हावे. सामूहिक छायाचित्र शनिवारी सायंकाळी धरणाच्या भिंतीच्या बाजूने घ्यावे, त्या वेळचा उजेड रविवारच्या भर दुपारपेक्षा कितीतरी चांगला असतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद असावा. ज्यांना शेकोटीशी बसायचे ते बसतील, पण ज्याला झोपायचे आहे त्याला झोपता आले पाहिजे, आणि शेंडीतल्या माणसांनाही. रविवारी कार्यक्रम म्हणून काहीही असू नये. सकाळी सातपासून चहा-पोहे तयार असावेत आणि ज्याने त्याने आपल्या अंतराप्रमाणे निघावे. आठला निघालेला मुंबईकर दुपारच्या जेवणाला घरी असेल, पुणेकर उसाच्या ट्रॉल्या लख्ख उजेडात ओलांडून जाईल, आणि नागपूरकर दिवसाउजेडी धुळे-जळगाव गाठून तिथे मुक्काम करू शकेल. रविवारची ब्रेकफास्ट राइड अनेकांना प्रिय आहे, मलाही आहे. ती शनिवारी सकाळी रंधा धबधब्याकडे किंवा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराकडे न्यावी.

येण्याच्या बाबतीत अधिक सावधपणे विचार करायला हवा. शुक्रवारी सूर्यास्तानंतर फाटक बंद करावे, अशी सूचना माझ्याच गटातून आली होती. मी ती मांडत नाही. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. फाटक बंद होणार हे कळले की माणसे कसारा घाटात ते गाठण्यासाठी गाडी पळवतील आणि आपण एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेऊ. आलेल्याला परतवू नये, मग तो मध्यरात्री का येईना. पण मध्यरात्री येण्याची गरज पडू नये, एवढे आपल्या हाती आहे. शुक्रवारचा स्वागताचा कार्यक्रम रद्द करून शनिवारी अकराला पहिले सत्र ठेवले, तर कामावरून सुटून रात्री निघण्याचे कारणच उरत नाही. शनिवारी पहाटे, झोप पुरी करून, निघालेला मुंबईकर किंवा पुणेकर आरामात पोहोचतो. ज्यांना लांबून यायचे आहे आणि वाटेत अंधार होणार आहे, त्यांच्यासाठी घोटी, इगतपुरी आणि संगमनेर या तिन्ही ठिकाणी साध्या लॉजशी आधी बोलून ठेवावे आणि सकाळी तिथून गटाने वर यावे. नोंदणीच्या अर्जात टी-शर्टचा आकार विचारतो तसे आणखी दोन प्रश्न विचारावेत: कुठून किती वाजता निघणार, आणि रात्री कुठे मुक्काम करणार. ज्याला हे लिहावे लागते त्याला ते ठरवावे लागते.

यावर समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला दूरध्वनीवर जे उत्तर दिले तेही इथे नोंदवणे न्याय्य होईल. ते म्हणाले की देणगीदारांना रविवारची गर्दी हवी असते, बहुतेक जण दीड दिवसाच्या सुट्टीवर येतात आणि कार्यक्रम कमी केला तर लोक पैसे वसूल झाले नाहीत म्हणतील. शिवाय प्रौढ माणसाने कधी झोपावे हे आपण का सांगायचे? पहिल्या मुद्द्यावर मी एवढेच म्हणेन की गर्दी शनिवारी सायंकाळी सर्वाधिक असते. रविवारी दुपारी मंचासमोरच्या निम्म्या खुर्च्यांवर हेल्मेटे ठेवलेली असतात आणि मालक गाडी बांधत असतात. दुसऱ्या मुद्द्याचा मी बराच विचार केला. प्रौढ माणसाला झोपण्याची सक्ती आपण करू शकत नाही हे खरेच आहे. पण त्याला जागे ठेवण्याची व्यवस्था आपण करत आहोत, आणि ती व्यवस्था मागे घेणे पूर्णपणे आपल्या अधिकारात आहे. आपण बोलावतो म्हणून तो त्या रस्त्यावर असतो. आपल्या घरी लग्नाला आलेल्या पाहुण्याला रात्री उशीर झाला तर आपण ‘आता सकाळी जा’ म्हणतो, त्याचे अंथरूण घालतो. तो प्रौढ आहे म्हणून त्याला अंधारात घाटाकडे वळवत नाही.

येणाऱ्या रायडर मित्रांनाही दोन शब्द. समिती काय ठरवेल ते ठरवेल, पण कार्यक्रम सोडून वेळेवर निघणे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. ज्या गटात एक जण जांभया देतो आहे त्या गटाच्या म्होरक्याने थांबण्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहू नये. दमलेला माणूस स्वतः दमल्याचे कबूल करत नाही, विशेषतः सहा जण त्याच्याकडे पाहत असताना. त्या रविवारी राजूरला चहा घेताना तो तरुण कप हातात धरून उभ्याउभ्या डोळे मिटत होता हे मी पाहिले होते. मी त्याला चिडवले, “अरे, जागा हो.” मी त्याला बाकावर अर्धा तास आडवे व्हायला सांगायला हवे होते, आणि स्वीप म्हणून ते माझेच काम होते. अंधार पडायच्या आत घाटाखाली जायचे या घाईत मी ते केले नाही.

पुढच्या मेळाव्याच्या नियोजनाची बैठक पावसाळ्यानंतर होते, हे मला माहीत आहे. त्या बैठकीत हे पत्र वाचले जावे आणि मला पंधरा मिनिटे बोलू द्यावे, अशी विनंती आहे. मी रिकाम्या हाताने येणार नाही. संगमनेर आणि घोटीतल्या लॉजशी बोलण्याचे काम माझ्याकडे घ्यायला मी तयार आहे. आमच्या गटातले तिघे जण शुक्रवारी दुपारपासून बारी फाट्यावर चहा, पाणी आणि पंक्चरचे साहित्य घेऊन बसतील, आणि रविवारी शेवटची गाडी निघेपर्यंत मी स्वतः शेंडीत थांबेन. ज्या तरुणाविषयी वर लिहिले, त्याने पत्र वाचून त्यातला मजकूर छापायला परवानगी दिली आहे. त्याची गाडी दुरुस्त होऊन आली आहे, खांदा अजून पुरता वर जात नाही. पुढच्या जानेवारीत यायचे की नाही हे तो वेळापत्रक पाहून ठरवणार आहे, असे त्याच्या आईने मला सांगितले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सात वर्षे मेळाव्यास येणारा एक सहप्रवासी,
पुणे